चिपाड, मळी आणि राख

उसाच्या एका टनापासून आजच्या सुव्यवस्थित कारखान्यातही साखर निघते ती एक क्विंटल किंवा त्याहून किंचित अधिक; म्हणजे शेतकऱ्याने बारा ते अठरा महिने पाणी पाजून आणि खत घालून जे वाढविले, त्याच्या दहा हिश्श्यांपैकी जेमतेम एक हिस्सा पोत्यात भरला जातो, आणि उरलेले नऊ हिस्से पाणी, चिपाड, गाळ, मळी आणि अखेरीस राख या रूपांनी मागे राहतात. साखरेचा इतिहास म्हणून आपल्याकडे जो लिहिला जातो तो बहुधा त्या एका हिश्श्याचा असतो. त्यात जकातीचा वाद येतो, उसाच्या भावाचे लढे येतात, सहकाराचा उदय आणि त्याचे राजकारण येते. तो इतिहास गौण आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु उरलेल्या नऊ हिश्श्यांनाही स्वतःचे चरित्र आहे, आणि दख्खनच्या मळ्यांतून, पुण्याच्या खतखड्ड्यांतून, अबकारी खात्याच्या दप्तरांतून आणि अखेर आपल्या नद्यांच्या पात्रांतून ते ज्या वाटेने आले ती वाट एकदा सावकाश चालून पाहावी, असे फार दिवस माझ्या मनात होते.

आरंभ गुऱ्हाळापासूनच करावा लागतो. पावसाळा सरून थंडी पडली, उसाच्या पेरांत साखर भरली, की फडाच्या बांधालाच विहिरीच्या किंवा पाटाच्या आधाराने गुऱ्हाळ उभे राही. एका अंगाला बैलांनी फिरवायचा चरक, त्याच्या पायथ्याशी रस धरण्याचे भांडे, पलीकडे जमिनीत खोदलेले चुलाण, त्यावर चार माणसांनी उचलावी अशी रुंद, पसरट काहील, आणि काहिलीतला पाक ओतण्यासाठी तयार केलेला वाफा, एवढ्यात सारा संसार आटोपे. चरकातून निघालेले ओले चिपाड तेथेच उन्हात पसरले जाई. काल वाळलेले चिपाड आजच्या काहिलीखाली जळे आणि आजचे उद्याच्या काहिलीखाली जळण्यासाठी वाळत पडे. रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी आणि भेंडीच्या झाडाच्या खोडाचा चिकट रस घालावयाचा, म्हणजे रसातील माती, मेण, हिरवा अंश आणि इतर अशुद्ध द्रव्ये एकत्र गोळा होऊन काळपट फेसाच्या रूपाने वर येत, तीच मळी. गुळव्या ती झाऱ्याने उतरवून बाजूला काढी. ती गुरांच्या आंबोणात जाई, नाही तर उकिरड्यात पडून पुढच्या वर्षीच्या खतात मिसळे. पाक गुळाच्या बेताला येण्यापूर्वी थोडा काढून घेतला की ती काकवी, आणि भाकरीबरोबर ती खाण्याचे सुख ज्यांनी लहानपणी अनुभवले आहे त्यांना त्याचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही.

चुलाणातली राख हा त्या संसारातील अखेरचा जिन्नस. पण तोही वाया जात नसे. घरातील भांडी तिने घासली जात, कडधान्याला कीड लागू नये म्हणून ती कणगीत मिसळली जाई, आणि राहिलेली शेणखताच्या खड्ड्यात जाऊन पालाशाच्या रूपाने ज्या मातीतून आली तिच्यातच परत जाई. उसाचे शेंडे, ज्यांना शेतकरी वाढे म्हणतो, ते चरक ओढणाऱ्या बैलांच्याच पुढ्यात पडत. आणि गुऱ्हाळ चालू असेतो सुताराला, लोहाराला, चांभाराला, मांगाला व इतर बलुतेदारांना आपल्या हक्काचा ऊस, रस किंवा गूळ मिळे. वाटसरूला रस पाजल्यावाचून पुढे जाऊ देणे हे तर कमीपणाचे मानले जाई. जे जेथे निर्माण होत होते ते तेथेच, दहा-वीस पावलांच्या आत, कोणाच्या तरी उपयोगी पडत होते, आणि माझी अशी धारणा आहे की त्या व्यवस्थेचे सारे रहस्य या दहा-वीस पावलांत होते. चिपाडाच्या किंवा मळीच्या अंगी टाकाऊपणा मुळात नसतोच. ज्याच्याजवळ ती वस्तू उरते आणि ज्याला तिची गरज आहे, त्या दोघांमध्ये अंतर पडले म्हणजे तो जन्माला येतो. पुढच्या शंभर वर्षांत हे अंतर कसे वाढले आणि ते तोडण्यासाठी किती खटपटी झाल्या, हाच या चरित्राचा कथाभाग आहे.

मात्र गुऱ्हाळाचे चित्र रंगवताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या लाकडी चरकातून उसातला पुष्कळसा रस निघतच नसे. तो चिपाडात राहून चुलाणात जळून जाई, म्हणजे शेतकरी आपली साखरच जाळीत असे. शिवाय जुनी चुलाणे इतकी ओबडधोबड असत की केवळ चिपाडावर भागत नसे, आणि त्यासाठी बाभळी, निंबाच्या फांद्या, कधी कधी गोवऱ्याही जाळाव्या लागत. ज्या शेणाचे खत व्हावयाचे त्याचा धूर होई. लोखंडी चरक आले, पुढे किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी ते आपल्याच माणसांच्या हातून घडू लागले, आणि शेतकी खात्याने सुधारलेल्या भट्ट्यांची तजवीज करून गूळ केवळ त्याच उसाच्या चिपाडावर शिजला पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा कोठे हा संसार खऱ्या अर्थाने स्वयंपूर्ण होऊ लागला. पूर्वजांनी काहीच वाया घालविले नाही असे सरसकट म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे; त्यांनी जे वाया जाऊ दिले नाही ते त्यांच्याजवळच्या साधनांच्या मर्यादेत, आणि ज्या दिवशी अधिक चांगले साधन मिळाले त्या दिवशी त्यांनी ते उचलले.

याच सुमारास उसाच्या मळ्यांशी दुसऱ्या एका टाकाऊ पदार्थाचा संबंध जुळला, आणि ती हकीकत पुण्याची आहे. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि त्याच्या कालव्याचे पाणी हडपसर, मांजरीपर्यंत पोहोचले, तेव्हा तेथील माळी बागाइतदारांनी मोठ्या प्रमाणावर ऊस लावण्यास आरंभ केला. उसाला पाणी लागते तितकेच खत लागते, आणि पाणी सरकारने दिले तरी एवढे शेणखत त्या पट्ट्यात कोठून येणार? इकडे पुणे शहरात रोज जमा होणाऱ्या मैल्याचे काय करावे ही पालिकेची विवंचना होती. शहराबाहेर उथळ खड्ड्यांत मैला आणि राख यांचे थर देऊन, ते मिश्रण उन्हात वाळवून जे खत तयार होई त्याला सरकारी कागदांत ‘पुडरेट’ हे फ्रेंच नाव होते. मराठी माणसाने मात्र मैल्याच्या खताला फार पूर्वीच एक नाव देऊन ठेवले होते, सोनखत, आणि एखाद्या भाषेने आपल्या अनुभवाचा कस एका शब्दात साठवावा याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही. प्रारंभी बागाइतदारांना या खताची शिसारी वाटे, सोवळ्याओवळ्याची अडचणही होतीच. पण एकाच्या फडातला ऊस दुसऱ्याच्या फडापेक्षा डोळ्यांत भरण्याइतका उंच दिसू लागला, तेव्हा तीच गोष्ट पैसे मोजून घेतली जाऊ लागली. ज्यांच्या डोक्यावरून ते पाटीभर द्रव्य शहराबाहेर गेले त्यांच्या वाट्याला या सोन्यातले काहीही आले नाही, हेही त्याच हकीकतीत नमूद करावे लागते.

महात्मा फुले यांची शेती याच मांजरीस होती आणि खडकवासल्याच्या कामाशी कंत्राटदार या नात्याने त्यांचा संबंध आला होता. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरावरची पाने, फुले, मेलेल्या जनावरांचे मांस व हाडे यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतात येते आणि जमीन सुपीक करते, या गोष्टीकडे त्यांनी ज्या बारकाईने लक्ष वेधले आहे, त्यात मला त्या मांजरीच्या मातीचा हात दिसतो. जमिनीतून जाते काय आणि तिला परत मिळते काय, हा जमाखर्च मांडणाऱ्या आधुनिक मराठी लेखकांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. पुढे शेतकी खात्यानेही उसाच्या प्रयोगांसाठी आपले क्षेत्र मांजरीसच उघडले.

विसाव्या शतकात गुऱ्हाळाची जागा कारखान्याने घेतली. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेविरुद्ध जो प्रचार झाला त्यात ती हाडांच्या कोळशाने स्वच्छ करतात हा मुद्दा लोकांच्या मनाला फार झोंबला होता, आणि अनेक घरांतून पांढरी साखर वर्ज्य होऊन गुळाचा पुन्हा सन्मान झाला होता. परंतु तो आवेग ओसरला आणि साखरेची मागणी वाढतच गेली. १९३२ साली साखर धंद्याला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला, त्या वेळी सबंध हिंदुस्थानात तीस-बत्तीस कारखाने होते; चारपाच वर्षांत त्यांची संख्या सव्वाशेच्या पलीकडे गेली. आपल्या बाजूला हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना पूर्वीपासून होता. आता प्रवरा व नीरा यांच्या कालव्यांच्या आश्रयाने टिळकनगर, साखरवाडी, वालचंदनगर हे कारखाने उभे राहिले, आणि सासवडच्या माळी मंडळींनी एकत्र येऊन माळीनगरचा कारखाना काढला, ज्याचे वैशिष्ट्य असे की तो उसाच्या जाणत्या बागाइतदारांचाच होता.

कारखान्याने साखर पांढरी केली, उत्पादन वाढविले, गुळव्याच्या अंदाजाच्या जागी उष्णतामापक आणि प्रयोगशाळा आणली. पण ती दहा-वीस पावले मात्र मोडली. पाच-पाच, दहा-दहा कोसांवरून ऊस गाडीने येऊन गव्हाणीत पडू लागला, आणि ज्या शेतातून तो आला त्या शेताकडे परत जाण्याची वाट त्याच्या चिपाडाला, गाळाला, राखेला राहिली नाही. शंभर शेतकऱ्यांच्या उकिरड्यांत विखरून पडणारी मळी एका आवारात शेकडो टनांनी साचू लागली, आणि सवयीने जी उपयोगी पडत असे ती वस्तू एकाएकी संकट होऊन बसली.

येथे एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे, कारण मराठीत ‘मळी’ या एका नावाखाली तीन निरनिराळे पदार्थ वावरतात आणि त्यामुळे लिहिणाऱ्याचा व वाचणाऱ्याचाही गोंधळ होतो. गुऱ्हाळातली मळी म्हणजे काहिलीवरचा फेस, हे वर आलेच. कारखान्यात रस गाळल्यावर गाळणीवर जो काळा, भुसभुशीत गाळ राहतो, ज्याला कारखान्यातले लोक प्रेसमड म्हणतात, त्यालाही शेतकरी मळीच म्हणतो, आणि वंशदृष्ट्या तोच त्या फेसाचा खरा वारस आहे. टनामागे तो तीस-चाळीस किलो निघतो आणि खत म्हणून उत्तम असतो. तिसरी मळी म्हणजे पुनःपुन्हा उकळून साखरेचे दाणे वेगळे केल्यावर जो दाट, काळा, चिकट द्रव राहतो तो, म्हणजे मोलॅसिस. ही काकवी नव्हे. काकवीत उसाच्या रसाचे सारे सत्त्व शाबूत असते, तर या मळीतून स्फटिकरूप होऊ शकेल तेवढी साखर आधीच काढून घेतलेली असते, आणि गंधकाची व चुन्याची प्रक्रिया तिच्यावर झालेली असते. टन उसामागे ती साधारण चाळीस किलो निघते. १९३० नंतरच्या दशकात जे मोठे संकट निर्माण झाले ते या तिसऱ्या मळीचे.

कारखाने चारपट वाढले त्याबरोबर मळीही चारपट वाढली, आणि ती घेणारे मात्र पूर्वीचेच राहिले: हुक्क्याच्या तंबाखूत ती थोडी खपे, गुरांच्या खाद्यात थोडी जाई, ओतकामाच्या साच्यांतील वाळू बांधण्यास थोडी लागे. बाकीची खड्ड्यांतून सोडली जाई. ती आंबे, तिच्या दुर्गंधीने आसपासची वस्ती हैराण होई, आणि पावसाळ्यात ओढ्याला मिळाली की मासे मरत. तिच्यापासून रस्त्यावर घालण्याचे डांबरासारखे मिश्रण करता येईल का, इथपर्यंत प्रयोगांची धाव गेली होती. खरा मार्ग उघड दिसत होता: साखर जेथे आहे तेथे किण्वन आहे, आणि किण्वन आहे तेथे मद्यार्क आहे. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो, आणि पेट्रोलमध्ये मिसळून तो इंजिनात जाळता येतो हे शास्त्राला माहीत होते. परंतु मद्यार्क म्हटला की अबकारी खाते आले. मोहाच्या फुलांवरही परवान्याची मोहर उठविणाऱ्या, दारूच्या मक्त्यांतून महसुलाचा भरभक्कम हिस्सा मिळविणाऱ्या त्या खात्याच्या दृष्टीने जी वस्तू पिता येते ती आधी करपात्र होती आणि मग इतर काही. आणि मोटारीच्या टाकीत गेलेला मद्यार्क कोणाच्या तरी पेल्यात उतरणार नाही याची हमी त्याला हवी होती. तेव्हा कित्येक वर्षे मळी खड्ड्यात आणि पेट्रोल बोटीतून, असा व्यवहार चालू राहिला.

दुसऱ्या महायुद्धाने पेट्रोलचा तुटवडा केला आणि जे समित्यांच्या अहवालांनी झाले नव्हते ते झाले. संयुक्त प्रांत आणि म्हैसूर येथे पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळून मोटारी धावल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मध्यवर्ती सरकारने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. आपल्या मुंबई राज्यात मात्र पुढच्याच वर्षी दारूबंदीचा कायदा आला, आणि मळीचा प्रत्येक पिंप परवान्याखाली गेला. दारूबंदीच्या हेतूविषयी मला आदरच आहे. त्या काळच्या कार्यकर्त्यांनी ज्या घरांचे हाल पाहिले होते त्यांची आठवण ठेवूनच त्या कायद्याचा विचार केला पाहिजे. तथापि त्यामुळे एक गोष्ट अशी झाली की येथील मद्यार्काला पेयाऐवजी उद्योगाचा रस्ता शोधणे भाग पडले, आणि त्यापासून ॲसेटिक ॲसिड व तत्सम रसायने करण्याचे काम साकरवाडीसारख्या ठिकाणी उभे राहिले. उसाच्या उरलेल्या रसापासून व्हिनेगरचे आम्ल, त्यापासून कापड-गिरण्यांना व औषधांना लागणारी द्रव्ये, ही साखळी मोठी मनोहर होती. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्भे-ठाणे पट्ट्यात खनिज तेलापासून तीच रसायने अधिक स्वस्तात निघू लागली, आणि ती साखळी क्षीण झाली. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना तर जवळजवळ विस्मरणात गेली होती. २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले तेव्हा अनेकांना ती नवी कोरी वाटली.

मधल्या काळात प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या चिकाटीने आणि धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या पाठबळाने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला होता, आणि १९५०-५१ चा त्याचा पहिला गळीत हंगाम हे महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासातील एक पर्व ठरले. या लेखाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की ऊस पिकविणारा आणि उसाचे उरलेसुरले ज्याच्या आवारात साचते तो, हे पुन्हा एकच झाले. गुऱ्हाळात जे दहा पावलांत होते ते आता सभासदत्वाच्या नात्याने जोडले गेले. प्रेसमडचे ट्रक सभासदांच्या शेतांकडे जाऊ लागले, राखही जाऊ लागली. परंतु चिपाडाच्या बाबतीत जाग यावयास बराच काळ लागला.

टन उसामागे पावणेतीनशे ते तीनशे किलो चिपाड निघते; कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. त्यात निम्मे पाणी असते, आणि तरीही ते इतके विपुल असते की साखर शिजविण्याइतकी वाफ करूनही ते उरावे. पण उरलेल्या चिपाडाचे करावयाचे काय? त्याच्या डोंगराएवढ्या गंजी आतून आंबून तापत आणि आपोआप पेट घेत. बुरसटलेल्या चिपाडाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जाऊन कामगारांना फुप्फुसाचा एक विशिष्ट विकार जडे, ज्याला वैद्यकाने पुढे बगॅसवरूनच नाव दिले. म्हणून बॉयलर मुद्दामच असे बसविले जात की त्यांत चिपाड भरपूर जळावे. एखादी संपत्ती नाहीशी व्हावी म्हणून यंत्राची अकार्यक्षमता जपली जावी, याचे मला अतिशय वाईट वाटते. कारण त्याच काळात त्याच कारखान्याच्या शेजारच्या गावात विजेचा दिवा नव्हता. चिपाडापासून भिंतीचे तक्ते करण्याचा उद्योग अमेरिकेत लुइझियानामध्ये १९२० च्या दशकातच सुरू झाला होता. आपल्याकडे चिपाडापासून कागद करण्याचे सर्वांत मोठे काम तामिळनाडूने केले. १९७९ साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कंपनीने करूरजवळ वृत्तपत्राचा कागद चिपाडापासून काढला, आणि त्यासाठी साखर कारखान्यांशी असा करार केला की चिपाड आम्हांला द्या, त्याच्या बदल्यात तुमच्या बॉयलरला लागणारे इंधन आमच्याकडून घ्या. महाराष्ट्राने मुख्यतः दुसरा मार्ग धरला. जुन्या बॉयलरचा दाब प्रति चौरस सेंटीमीटर १०-२० किलो असे. नव्वदच्या दशकानंतर ६७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले, तेवढ्याच चिपाडापासून कितीतरी अधिक वीज निघू लागली, आणि कारखाना आपली गरज भागवून ती सरकारी तारांवर चढवू लागला. चुलाणात चिपाड सारणाऱ्या माणसाला जे ठाऊक होते ते शंभर वर्षांनी पुन्हा हाती आले, फक्त काहिलीच्या जागी आता टर्बाइन होते.

या कथेतला सर्वांत दुःखद भाग अजून सांगावयाचा आहे. मळीपासून मद्यार्क काढला म्हणजे मळीचा प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात तो द्रवरूपाने पुढे सरकला. एक लिटर मद्यार्कामागे दहा ते पंधरा लिटर तांबूस-काळे, कढत, आम्ल पाणी मागे राहते. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू शोषून घेते, आणि हा शोष मोजण्याचे जे परिमाण आहे त्याने पाहिले तर शहरी सांडपाण्यात लिटरमागे २००-३०० मिलिग्रॅम निघावे तेथे या पाण्यात ४०,००० ते ५०,००० निघतात. दिवसाला तीस हजार लिटर मद्यार्क काढणारी एक साधी आसवनी घेतली, तर तिच्या सांडपाण्याचा भार तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहराएवढा होतो. आणि अशी आसवनी ज्या गावाच्या शिवारात उभी असे त्याची वस्ती पुष्कळदा पाच हजारही नसे. नदीकाठच्या एका गावी उन्हाळ्यात मी ते पाणी पाहिले आहे. पात्रातले डोह चहासारखे झाले होते, काठावर पोटे वर करून मासे पडले होते, आणि विहिरीतून काढलेल्या घागरीतही तोच रंग होता. गावकरी त्याला ‘मळीचे पाणी’ म्हणत होते. ज्या शब्दाला एके काळी गुरांच्या आंबोणाचा गोड वास होता तो शब्द एका म्हातारीच्या तोंडून शापासारखा आलेला मी ऐकला, आणि तो अद्याप माझ्या कानांतून गेलेला नाही.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला होता, म्हणजे मध्यवर्ती कायद्याच्या पाच वर्षे आधी. पण कायदा असणे आणि ओढा स्वच्छ असणे यांत कितीतरी वर्षे गेली. वाट सापडली ती पुन्हा पदार्थाच्या स्वभावातच. जे द्रव्य प्राणवायू खाते त्याला हवाबंद टाकीत कोंडले तर जीवाणू त्यापासून जळणारा वायू करतात. ऐंशीच्या दशकापासून आसवन्यांनी अशा टाक्या बांधल्या, आणि तो वायू बॉयलरखाली गेला. उरलेले पाणी प्रेसमडच्या लांब ढिगांवर शिंपडून, ते ढीग यंत्राने वरखाली करून त्याचे खत करण्याची पद्धत रूढ झाली, आणि अशा रीतीने दुसरी मळी व तिसरी मळी, ज्या एकाच रसातून निघून वेगळ्या झाल्या होत्या, त्या खताच्या ढिगात पुन्हा एकत्र आल्या. आता तर ते पाणी आटवून बॉयलरमध्येच जाळतात आणि त्याच्या राखेतून पालाश मिळवितात. या कामात ज्या संस्थेचा मोठा वाटा आहे ती १९७५ साली निघालेली साखर संस्था, जिला पुढे वसंतदादा पाटलांचे नाव मिळाले, ती मांजरीसच आहे.

शेतातच राहणाऱ्या पाचटाची गोष्ट याहून साधी असावयास हवी होती. इंदूरच्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ द्रव्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ते तीन वेळा उलटून तीन महिन्यांत खत कसे करावे याचा सारा विधी दिला आहे. त्या ग्रंथावर वाडांचे नाव हॉवर्डांच्या बरोबरीने छापलेले आहे, आणि मराठी वाचकाला ते बहुधा माहीत नसते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट सरीत दाबले तर खोडव्याला ओल आणि खत दोन्ही मिळतात. तरीही तोड झाल्यावर पाचट पेटविण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. तोडीची घाई, मजुराची टंचाई आणि एका काडीत मोकळे होणारे रान यांचा मोह मोठा असतो.

राहता राहिले वाढे. बीड-नगरकडून कोयता घेऊन आलेल्या ऊसतोडणी कामगारांचा त्यांवर वहिवाटीने हक्क असतो. ते वाढ्यांच्या मोळ्या बांधतात, काही आपल्या बैलांना घालतात, काही सांजच्या वेळी गावच्या रस्त्यावर चाऱ्यासाठी विकतात, आणि त्या चार पैशांत घरच्या मीठमिरचीची सोय होते. चिपाडाची वीज झाली, मळीचे इंधन झाले, गाळाचे खत झाले, आणि त्या सर्वांचा हिशेब ताळेबंदात मांडला गेला. गुऱ्हाळावर बलुतेदाराला मिळणाऱ्या वाट्यासारखा, कोणत्याही कागदावर न लिहिलेला असा हा एकच वाटा उरला होता. अलीकडे ऊस तोडणारी यंत्रे फडात उतरली आहेत. ती शेंडा आधीच छाटून बाजूस फेकतात आणि पाचटाबरोबर त्याचाही चुरा रानात पसरतात. त्या चुऱ्याची मोळी बांधता येत नाही.